बिनपट्ट्याचा माग

म्हाळसाबाई मंगळवेढ्याच्या पहिल्या एस.टी.नं आली आणि चपला काढायच्या आधीच तिनं दारातून विचारलं, "कुटं हाय त्यो?"

"आत, पलंगावर," मीनाबाई म्हणाली. "पर पडून न्हाईत. बसल्यात."

"शुद्धीवर हाय न्हवं?"

"लई शुद्धीवर हायत. म्हणून तर तुमाला बोलवलं, आक्का."

मीनाबाईनं नणंदेला पाणी दिलं. चार दिवसांत तिला नीट झोप नव्हती. गुरुवारी साखर पेठेत रत्नम्माच्या कारखान्यात सिद्राम मोटरवर वाकलेला असतानाच खाली कोसळला होता. रत्नम्मानंच रिक्षा बोलावून त्याला दवाखान्यात नेलं. हृदयाचे ठोके मध्येच अडतात, डॉक्टर म्हणाले, छातीत पेसमेकर बसवावा लागेल आणि त्यात दिरंगाई चालणार नाही.

सिद्राम शिवशरणला त्या यंत्राचं कौतुकच वाटलं होतं. बॅटरी किती वर्षं जाते, तार कुठल्या शिरेतून आत उतरवतात, ठोका चुकला हे त्या एवढ्याशा डबीला कळतं कसं, हे त्यानं एवढ्या आस्थेनं विचारलं की डॉक्टरही खुर्ची ओढून कागदावर चित्र काढून सांगायला बसले. मग बोलता बोलता ते म्हणाले, एकदा हे बसवलं की जबरी चुंबकांच्या जवळ जायचं नाही. तुमच्या मोटरीत घालता तसल्या चुंबकांना तर हातच लावायचा नाही.

ते ऐकलं आणि सिद्रामचे प्रश्न संपले. शनिवारी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि घरी निघून आला. मोटर पुरी झाल्याशिवाय छातीला हात लावू देणार नाही, एवढंच त्यानं बायकोला सांगितलं.

मीनाबाईला ठाऊक होतं, या घरात त्याला ऐकवू शकेल असं माणूस एकच. आई गेली तेव्हा सिद्राम रांगत होता. म्हाळसाबाईनं त्याला काखेत घेऊन शेतं खुरपली होती. अजूनही ती आली की तो उठून उभा राहायचा.

आजही तो उठला. म्हाळसाबाईनं खांद्याला धरून त्याला खाली बसवलं.

"बस. उटू नगंस. काय चाललंय तुजं, सिदा?"

---

सुमित खिडकीशी उभा होता. शुक्रवारी फोन आला तसा तो पुण्याहून गाडी घेऊन निघाला होता, आणि तेव्हापासून बापाशी त्याची तीन भांडणं झाली होती.

"आत्या, तुम्ही सांगा आता," तो म्हणाला. "माझं तर ऐकतच नाहीत. कुठल्याही क्षणी ठोका थांबू शकतो म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि यांना आठवडा पाहिजे! मोटरसाठी!"

"आठ दिस न लागायचं बी," सिद्राम शांतपणे म्हणाला. "न्हाय तर धा लागतील."

"बघा!"

सुमितला बापाचा राग यायचा तेव्हा त्यात अभिमानही मिसळलेला असायचा, त्यामुळं राग धड करता यायचा नाही. पुण्यात त्याच्या कंपनीत कुणी सोलापूरचं भेटलं आणि आडनाव ऐकलं की हमखास विचारायचं, "डब्याचे शिवशरण का?" साखर पेठेपासून अक्कलकोट रोडपर्यंत जुन्या मागांवर अजून तो डबा दिसे. ताण्याचा धागा तुटला, किंवा मागावरून बांधलेली लाल दोरी कुणी ओढली, की वीज तोडणारा. सिद्रामनं तो केला तेव्हा तो मोटरी गुंडाळायच्या दुकानात कामाला होता आणि सुमितचा जन्मही झाला नव्हता. रत्नम्मा तेव्हा शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या मागावर काम करणारी तरणी विणकरीण; मोटरीवरून माग फिरवणाऱ्या पट्ट्यात तिचा पदर गेला, पदरामागून हात गेला. आरडाओरडा ऐकून सिद्राम धावत गेला आणि त्यानं फ्यूज उपसला. हात वाचला, पण कोपरात वाकडाच राहिला. त्या दिवसापासून हा माणूस मागांचा झाला. ज्या कारखान्यांत त्याला माठाला हात लावू देत नसत, त्याही कारखान्यांत पुढं त्याचा डबा मागाच्या डोक्यावर चढला. त्याला पाणी आधीपासून स्वतःच्या तांब्यानं देणारी एक रत्नम्माच.

लोकांना वाटलं, झालं काम. सिद्रामला तसं वाटलं नाही. वीज तोडली तरी चाक आणि पट्टा आपल्या जोरावर काही वेळ फिरतच राहतात. पट्टा आहे तोवर कुणाचा ना कुणाचा पदर जाणार. म्हणून त्यानं पट्टाच नसलेला माग करायला घेतला. मोटर थेट मागाच्या दांड्यावर बसेल, आत चुंबकं असतील, आणि इशारा मिळताच ती नुसती बंद न होता स्वतःच चाक जागच्या जागी धरून ठेवेल. पहिली मोटर पेटली. दुसरीत चुंबकांनी झडप घातली आणि त्याच्या उजव्या करंगळीचं पेर गेलं. एका प्रदर्शनात त्याची मोटर टेबलाखाली ठेवली आणि वर फुलदाणी. तो हसून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखान्यात गेला. सुमितचं अख्खं लहानपण या मोटरीपायी बापाची वाट बघण्यात गेलं होतं.

"किती ऱ्हायलंय?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"लई थोडं, आक्का. रोटर बसवायचा. सेन्सरची चकती जुळवायची. माग लावून बघायचा."

"आन् ते केलंस की जातूस दवाखान्यात? गुमान?"

"तुजी आन."

म्हाळसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मग करू द्या की त्याला."

सुमित खिडकीपासून पुढं आला. "आत्या!"

"काय आत्या? मी ह्याला वाढवलाय. अर्ध्यावरनं उचलून नेलासा, तर तितं टेबलावर बी ह्यो मोटरच घोकत पडंल. तसल्या माणसाला औशीद लागतंय व्हय?"

सिद्रामचा चेहरा उजळला. सुमितनं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, संपलं. आता आईही नेहमीसारखी बापाच्या बाजूला जाईल.

"न्हाय," मीनाबाई म्हणाली.

तिचा आवाज एवढा बारीक होता की सगळ्यांनी वळून बघितलं.

"पयली मोटर पेटली तवा वाळू मी टाकली," ती नवऱ्याकडं बघत म्हणाली. "बोटाचं पेर गेलं तवा हात दाबून धरून मीच नेलं तुमाला. घरात पावणं बसलेलं असायचं आन् तुमी साखर पेठंत. येतील म्हणून मी च्या करत बसायची. आजवर कवाच न्हाय म्हणलं न्हाय. आज म्हणते."

"मीना, आयक तर..."

"मोटर थांबली तर तुमी परत चालू करता. तुमी थांबलासा तर मी कुटलं बटन दाबू?"

 शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

---

धम्मप्रिया इतका वेळ उंबऱ्यावर बसून होती. दिवसा ती तंत्रनिकेतनात विजेच्या यंत्रांचा विषय शिकवायची आणि संध्याकाळी बापाबरोबर रत्नम्माच्या कारखान्यात असायची. या मोटरीची चित्रं तिनं काढली होती, बाहेरच्या स्थिर भागाची, स्टेटरची, गुंडाळणी तिची होती. पण आत फिरणाऱ्या, चुंबकं लावलेल्या रोटरला सिद्रामनं तिला कधी हात लावू दिला नव्हता. ती वेळ आली की तो म्हणायचा, "सर बाजूला." ती सरायची.

"मी बसवते रोटर," ती म्हणाली.

"तू न्हाय."

"का?"

सिद्रामनं अर्धी करंगळी वर केली. "ते चुंबक हाताला वळखत न्हाय, बाई."

"तुमच्या हाताला तरी कुठं ओळखलं, अण्णा?"

म्हाळसाबाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण धम्मप्रियाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वर्गात मी पोरांना शिकवलेलं चालतं. तारा गुंडाळलेल्या चालतात. शेवटच्या घडीला मात्र माझा हात नको. तुम्हाला माझ्या बोटांची काळजी आहे का माझ्या कामाचा भरवसा नाही, ते एकदा सांगून टाका."

सिद्राम चादरीच्या दशा ओढत राहिला. 

सुमितनं बहिणीकडं पाहिलं. गेले दोन दिवस तो तिलाही दोष देत होता. तूच अण्णांना डोक्यावर चढवलंस म्हणून. आता तो तिच्या शेजारी जाऊन उंबऱ्यावर बसला.

"अण्णा, एक विचारू?" तो म्हणाला. आवाजातला राग गेला होता. "ही मोटर तुम्ही आठवड्यात करालही. पण हीच एक करून थांबणार आहात का? हिच्यात काय चुकलं ते सुधारायचं असेल, दुसऱ्या मागाला बसवायची असेल, तेव्हा काय? तेव्हा छातीत पेसमेकर असणार. मग कोण हात घालणार?"

सिद्रामनं मान वर केली. पुढच्या मोटरीचा विचार त्यानं केलाच नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून त्याच्या डोळ्यांपुढं ही एकच होती, जणू तिच्यापुढं दिवस उगवायचाच नव्हता.

मीनाबाई पलंगाशी आली.

"असं करा," ती म्हणाली. "उद्यापासनं जसं जगायचंय, तसं आज एक डाव जगून बघा. दवाखाना कारखान्याच्या वाटंवरच हाय. आता जाऊ. पोरगी काम करंल, तुमी लांब बसून सांगा. तिथनं थेट दवाखान्यात."

"आन् न्हाय झालं तर?"

"तरी दवाखाना."

सिद्रामनं बहिणीकडं बघितलं. म्हाळसाबाईनं हात झटकले. "मला नगं विचारूस. तिनं माज्यापरीस चांगलं सांगितलं."

 मग पाय खाली सोडून त्यानं विचारलं, "माज्या चपला कुटं हायत?"

---

रविवारमुळं रत्नम्माचे माग बंद होते. तिनं सुताच्या कांड्यांचे खोके हलवून भिंतीशी खुर्ची मांडली आणि सिद्रामला तिथं बसवलं.

"सिद्रामण्णा, हितून उठला तर मी बांधून ठेवतो तुमाला," ती म्हणाली. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या रत्नम्माला वयाच्या सत्तरीतही मराठीतली बाई-पुरुषाची भानगड जमलेली नव्हती. "गुरुवारी माझा जीव गेला होता. आता परत नको."

मीनाबाई खुर्चीला लागून उभी राहिली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. सुमित मेन स्विचपाशी गेला. धम्मप्रियानं ओढणी काढून म्हाळसाबाईकडं दिली, हातात जाड मोजे चढवले आणि लाकडी पाचरी हाताशी घेतल्या.

एवढ्या लांबून आपली मोटर सिद्राम पहिल्यांदाच बघत होता. लहान दिसत होती. पोरीच्या पाठीमुळं निम्मी झाकलेली.

"पाचर आधी," तो म्हणाला. "चुंबकाला वाट देऊ नगंस. त्याला वाट दिलीस की त्यो वढणार."

"हो, अण्णा."

"बोटं कडंला ठेव. कडंला!"

"कडेलाच आहेत."

रोटर हळूहळू आत सरकत होता. निम्म्यावर आला आणि एकाएकी त्यानं जोर केला. धाडकन आवाज झाला. सिद्राम अर्धवट उठला. धम्मप्रियानं दोन्ही हात वर करून दाखवले. दहाही बोटं शाबूत होती, आणि पाचर जिथं हवी तिथंच अडकलेली. तिनं मोजे झटकले, पाचरी एकेक काढल्या, हातानं दांडा फिरवून पाहिला. रोटर कुठंही न घासता फिरला.

सिद्राम खाली बसला. ही पाचर तो नेहमी लावायचा त्या जागी नव्हती. तिनं ती दोन बोटं अलीकडं घेतली होती, आणि म्हणूनच रोटर सरळ बसला होता. तो मनातल्या मनात म्हणाला, मला हे सुचलं असतं तर पेर वाचलं असतं.

पण पुढं गाडं अडलं. सेन्सरची चकती जागेवर आणल्याशिवाय मोटरीला कळत नाही की जोर कुठल्या क्षणी लावायचा. तो सांगत होता, ती सरकवत होती.

"डावीकडं. अजून थोडी. बास. लाव, सुमित."

मोटर गुरगुरली, थरथरली आणि जागच्या जागी झटके देत राहिली.

"बंद कर! अजून डावीकडं घे."

दुसऱ्या खेपेला झटके वाढले. तिसऱ्या खेपेला मागाची लाकडं कडाडली. सुमितनं घाईघाईनं स्विच पाडला आणि घड्याळाकडं बघितलं. सिद्रामचा श्वास चढला होता. मीनाबाईला बोटांखाली त्याची नाडी चुकताना जाणवली, मध्ये एक मोकळी जागा, मग पुन्हा ठोका.

"मला येऊ दे," तो म्हणाला. "नुसतं एक डाव हात लावतो."

मीनाबाईनं मनगट सोडलं नाही. पण तिनं ओढलंही नाही. ती पोरीकडं बघत होती.

धम्मप्रियाच्या मानेवरून घाम ओघळत होता. आपल्याला जमत नाही, हे बाप आता बोलून दाखवणार, या भीतीनं तिचे कान तापले होते. तिनं वळून बघितलं. सिद्राम हात लांब करून दाखवत होता, "डावीकडं गं, अशी!" त्याचा हात दाराकडं होता. तिच्या डाव्या हाताला भिंत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "डावीकडं म्हणजे तुमच्या का माझ्या?"

सिद्रामचा हात हवेतच राहिला. इतकी वर्षं तो मोटरीच्या पलीकडच्या अंगाला उभं राहून, दार डाव्या हाताला ठेवून काम करत आला होता. ते काम बोलून दाखवायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"दाराकडची," तो ओशाळून म्हणाला. "दाराकडची गं."

"आणि मी मघापासून भिंतीकडं नेतेय!"

म्हाळसाबाई आधी हसली, मग रत्नम्मा, मग सगळेच. सिद्रामही हसला, आणि हसताना त्याला खोकला आला. धम्मप्रियानं चकती पुरी मागं आणली, दाराच्या अंगाला नेली आणि नजर लावून एका जागी थांबली.

"तिथं न्हवं, जरा फुडं," सिद्राम म्हणाला.

"नाही अण्णा. इथंच."

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं. लाव रे, सुमित."

मोटर फिरली. झटका नाही, गुरगुर नाही. माग सुरू झाला आणि धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळू लागला. रत्नम्मा जवळ गेली. पट्ट्याची फटफट नसलेला माग तिनं जन्मात ऐकला नव्हता. कोपऱ्यातून तिनं जुन्या लुगड्याची एक पट्टी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत फिरत्या चाकावर टाकली.

चाकाला ओढ बसताच सेन्सरनं इशारा दिला आणि माग जागच्या जागी थांबला. चाकात एक वेढासुद्धा गेला नव्हता. रत्नम्मानं पट्टी ओढली तशी ती सुटून हातात आली. वाकड्या हातानं तिनं ती उलटसुलट करून बघितली. कुठं फाटलेली नव्हती.

"माझ्या टायमाला हे पायजे होता, सिद्रामण्णा," ती म्हणाली.

"त्याच टायमाला सुरू केलं की, रत्नम्मा," सिद्राम म्हणाला. "पोचायला वेळ लागला."

रत्नम्मानं पट्टी तोंडाला लावली आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. मीनाबाई तिच्याजवळ गेली. सुमितला काय करावं कळेना. तो बापाच्या पायाशी खाली बसला आणि उगीचच त्याच्या चपलेचा बंद सारखा करत राहिला.

"चला," सिद्राम स्वतःच म्हणाला. "शब्द दिलाय."

धम्मप्रिया हात पुसत निघाली तसं त्यानं तिला अडवलं. "तू कुटं? तासभर चालू दे तिला. तापती का बघ. माज्याकडं बघायला ही सगळी हायत."

"अण्णा, तुमचं ऑपरेशन आहे."

"ते डॉक्टरांचं काम हाय. हे तुजं." मग तो रत्नम्माकडं वळला. "उद्यापासनं मोटरचं काय बी असलं तर मला नगा विचारू. हिला विचारा."

---

सोमवारी पेसमेकर बसला. म्हाळसाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. सुमित येऊन सगळं ठीक झालं म्हणून सांगेपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. मग मात्र तिनं त्याच्याकडून दोन कप चहा आणवला आणि दोन्ही स्वतःच प्यायली.

दुसऱ्या दिवशी सिद्राम उशीला टेकून बसला होता. डावा खांदा बांधलेला, चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रंग. मीनाबाई मोसंबी सोलत होती. धम्मप्रिया आली ती कारखान्यातूनच. नखांत काळं तेल तसंच होतं.

"तापती का?" सिद्रामनं विचारलं.

"थोडी. रत्नम्मा मावशीनं दिवसभर चालवली. पण अण्णा..." ती थांबली. "मी एक बदल केलाय. चकती आतून काढली आणि बाहेरच्या अंगाला बसवली. आता जुळवताना चुंबकांपाशी हात घालावाच लागत नाही."

सिद्रामच्या कपाळावर आठी उमटली. मीनाबाईच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. त्याच्या मोटरीत त्याला न विचारता खिळासुद्धा हललेला त्याला खपत नसे.

"कुणाला इचारून केलंस?"

"कुणालाच नाही."

 त्याची बोटं चादरीवर काहीतरी आखू लागली. आतली चकती, बाहेरची चकती, मधली जागा. मग बोटं थांबली.

"बाहेरनं घेतलीस तर इशारा पोचतोय कसा?" तो म्हणाला. "मला न्हाय कळलं."

धम्मप्रियाला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. बापाच्या तोंडून हे वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

सिद्रामनं मीनाबाईकडून उशी सरळ करून घेतली, पाय आवरून पलंगावर जागा केली.

"बस हितं," तो म्हणाला. "आन् मला नीट समजावून सांग."